कोर्टावरची भाकणूक

मायाप्पा सर कुठल्याही दारातून आत येताना मान वाकवतात. दार उंच असलं तरी. निपाणीतल्या जुन्या घरांच्या चौकटींनी त्यांना ही सवय लावली. नवख्या माणसाला वाटतं, सर फारच नम्र आहेत. तसे ते आहेतही, पण त्या वाकण्याचा नम्रपणाशी काही संबंध नाही. डाव्या भुवईच्या वर एक खूण आहे, ती चौकटीची.

आमच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की हायस्कूलचं मैदान लागतं आणि मैदानाच्या कोपऱ्यात सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. सर त्या शाळेत खेळाचे शिक्षक. शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर ते कोर्टावर असतात, गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर टॉवेल. त्यांची आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीत तंबाखूचा खकाणा इतका उडायचा की दाराशी बसवलेलं पोर दिवसभर शिंकत असायचं. "आईनं मला शाळेत घातलं ते शिकाय न्हाय, शिंका थांबवाय," असं सर सांगतात. शाळेत उंची बघून कुणीतरी हातात चेंडू दिला, पुढं धारवाडला विद्यापीठाच्या संघात खेळले, आणि परत आले ते ह्याच शाळेत. मुलींनी हाफ पँट घालून खेळावं म्हणून त्यांनी एकेका घरी जाऊन बापांशी बोलणं केलं. आमच्याही घरी आले होते. माझी लेक क्षमा त्यामुळंच खेळली. आज सदलग्यापर्यंतच्या मुली एस.टी.नं इथं खेळायला येतात.

सरांचा एकच शौक. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे सामने. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. सर एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातानं दाढी करतात, असं त्यांची बायको उपासना सांगते. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तोंडानं फटकळ, हातानं हलकी. तिनं दिलेलं इंजेक्शन समजत नाही आणि तिनं मारलेला टोमणा दोन दिवस जात नाही.

आता भाकणुकीचं सांगायला हवं. आमच्या भागात दसऱ्यानंतर यात्रा भरते. ढोल आणि कैताळाच्या मोठ्या झांजा वाजतात, भंडारा उधळतो आणि पहाटे भाकणूक होते. देवाचा माणूस उभा राहून येणाऱ्या वर्षाचं सांगतो. पाऊस कसा, उसाचं काय, रोगराई कुठं, राज्यकर्त्यांचं काय. सारा माळ चिडीचूप होऊन ऐकतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर आणि दवाखान्याच्या रांगेत तेच बोलणं. आम्ही जैन, पण "यंदा काय सांगितलं?" हे विचारल्याशिवाय आमच्याही घरात राहवत नाही. सर बौद्ध. त्यांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. भाकणुकीला ते कधी गेले नाहीत, आणि जाणाऱ्याला कधी हसलेही नाहीत.

अमेरिकेतला हंगामही नेमका त्याच सुमारास सुरू होतो. कितीतरी वर्षांपूर्वी यात्रेहून आलेली एक पोरगी कोर्टावर म्हणाली, "सर, समद्याचं सांगितलं, पण बास्केटबॉलचं कुणीच न्हाय सांगितलं." सरांनी टॉवेल खांद्यावर नीट केला, रिंगखाली उभे राहिले आणि म्हणाले, "मग ऐका. पण ही भाकणूक न्हाय, अंदाज हाय. देव मला काय बोललेला न्हाय. मी फकस्त मॅच बघितल्यात."

तेव्हापासून यात्रेनंतरच्या रविवारी सकाळी हे ठरूनच गेलं. सर तिथल्या संघांना आपल्या मातीतली नावं देतात. म्हाताऱ्या खेळाडूंचा संघ म्हणजे 'पेन्शनर', नव्या पोरांचा तो 'बालवाडी'. गेल्या वेळचा विजेता संघ तीच माणसं घेऊन उतरला, तर सर हात वर करून म्हणतात, "हा खोडवा हाय, पोरींनो! एकदा तोडलेला ऊस परत फुटतोय, पर लागणीचा उतारा खोडव्याला येत न्हाय." पोरी टाळ्या वाजवतात. आसपासचे लोकही येऊन उभे राहू लागले. अमेरिकेतला एक खेळाडू ज्यांनी कधी पाहिला नाही अशी माणसं "पेन्शनरांचं यंदा काय, सर?" असं विचारू लागली.

सर चुकायचेही. उन्हाळ्यात हंगाम संपला की ते पुन्हा रिंगखाली उभे राहून कुठं कुठं चुकलं ते सांगत. पण ते ऐकायला कोण येतं? खरं ठरलेलं तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. कोर्टावर पोरींनी गमतीनं भाकणूक हे नाव दिलं आणि गावात त्या नावाबरोबर विश्वासही चिकटला. सर किती वेळा "अंदाज, अंदाज" म्हणाले, पण आमच्याकडं कुणी उभं राहून पुढचं सांगायला लागलं की माणसं आपोआप डोक्यावरची टोपी काढतात.

सरांचा एक नियम होता. बोलायचं ते लांबच्या संघांबद्दल. आपल्या माणसाबद्दल नाही. "डोळ्यात माया आली की अंदाज चुकतोय," म्हणायचे.

कोर्टाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळं संध्याकाळी माझे हात लवकर मोकळे होतात. क्षमा खेळत होती तेव्हापासून मी तिथं जाऊन बसते. तिथंच जयाबाईची आणि माझी ओळख झाली. तिची सौम्या खेळायची. जयाबाई रानातून थेट यायची, मेथीची जुडी निवडायला घेऊन, आणि पायरी गार लागते म्हणून काखेत एक छोटी घोंगडी. ती अंथरून आम्ही दोघी बसायचो. खेळातलं तिला फारसं कळायचं नाही. "वैनी, त्या जाळीला बूडच न्हाय बघा," ती म्हणायची. "टाकलेलं काय ऱ्हातंय का त्यात? आणि ह्या पोरी घाम गाळत्यात." पण सौम्याचा चेंडू जाळीतून गेला की मेथीची काडी हातातच राहायची.

गेल्या माघात जयाबाई गेली. ताप म्हणून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. आम्ही सगळे भेटायला जायचो आणि "होईल बरं, काळजी करू नका" म्हणायचो. तिचा नवरा नागोजी प्रत्येकाकडं बघून मान हलवायचा. मागं राहिले तो आणि सौम्या. गावाबाहेर रानातलं घर, दोन म्हशी, आणि अंगणात एका खांबाला सायकलची रिम बांधून केलेली रिंग.

आणि यंदा सौम्याची निवड झाली. मुलींची नवी व्यावसायिक लीग सुरू होणार होती. केरळातल्या एका संघानं तिला घेतलं. चौकात बॅनर लागला. येणारे-जाणारे नागोजीचं अभिनंदन करायचे आणि तो "हं, व्हय" म्हणून दुधाची किटली घेऊन पुढं जायचा. पाठवणार का, हे कुणी विचारलं तर बोलायचाच नाही.

यात्रा झाली त्या आठवड्यात मी उपासनाच्या घरी बी.पी. बघून घ्यायला गेले होते. दंडाला पट्टा बांधलेला असतानाच नागोजी दारात आला.

"सर, एक इचारायचं हुतं."

"ये की नागोजी. बस, चहा घे."

"चहा नगं. रविवारी तुमी भाकणूक सांगणार न्हवं?"

"अंदाज," सर म्हणाले.

"अंदाज तर अंदाज. त्यात आमच्या सौम्याच्या टीमचं सांगा."

उपासना हसली. "नागोजीदादा, ह्यास्नी घरातला गॅस कवा संपणार ते कळत न्हाय. ऐन भाकरीला संपतोय."

नागोजी हसला नाही. चपला न काढता उंबऱ्यातच उभा होता. "गेल्या सालच्या यात्रेत मी पुढंच बसलोतो, सर. समदं ऐकलं. पावसाचं, उसाचं, आजाराचं. माझ्या घरातलं माणूस जाणार हे त्यात नव्हतं. मी कुणाला दोष देत न्हाय. एवढ्या मोठ्या जगात माझं एक घर कुणाला दिसावं? पर आता घरात एकच माणूस ऱ्हायलंय. ते लांब पाठवायचं तर मला आधी कळाय पायजे. तुमी चांगलं सांगितलासा तर पाठवतो. न्हायतर न्हाय."

"अरे, मी कोण सांगणारा?"

"मग कोण?" नागोजी म्हणाला, आणि गेला.

बी.पी.चा पट्टा माझ्या दंडाला तसाच होता. उपासनानं तो सोडला. "सांगा की मग चांगलं," ती सरांना म्हणाली. "पोरगी जाईल. कोण तपासाय येणार हाय?"

सर खिडकीतून कोर्टाकडं बघत होते. "ती टीम तळाला जाणार," ते म्हणाले. "कोच नवा. बाहेरच्या देशातल्या पोरी सरावाला उशिरा येणार. रिंगखाली उभं ऱ्हायला उंच पोरगी न्हाय. हे कुणालाबी दिसंल."

"आणि सौम्या?" मी विचारलं.

"बाकावर."

"मग रविवारी तेवढंच वगळा, सर."

"वगळलं की त्याला कळंल, आक्का. तो खुळा न्हाय."

रविवारी कोर्टाच्या कडेला उभं राहायला जागा नव्हती. सौम्याचं काय सांगतात ते ऐकायला तिच्या वस्तीवरची माणसंही आली होती. बायका पायऱ्यांवर. नागोजी रिंगच्या खांबाजवळ, टोपी हातात. सौम्या इतर पोरींच्या रांगेत उभी होती, चेंडू कमरेला टेकवून. आईसारखीच रुंद कपाळाची. उंची मात्र कुणाची घेतली कोण जाणे.

सरांनी नेहमीप्रमाणं सुरुवात केली. पेन्शनरांना यंदा गुडघे दगा देणार, बालवाडी कुणाला तरी पाडणार, खोडव्याला उतारा नाही. पोरी हसल्या. पण हसू लवकर संपलं. सगळे पुढच्यासाठी थांबले होते.

सरांनी टॉवेल खांद्यावरून काढला आणि हातात गुंडाळला.

"आजवर मी आपल्या माणसाचं कवा सांगितलं न्हाय. आज सांगतो, कारण इचारणारा माणूस पुढं उभा हाय. सौम्याची टीम यंदा तळाला जाईल."

पायऱ्यांवर कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"सौम्याला बाकावर बसाय लागंल. लई बसाय लागंल. बसून बसून अंग गार पडंल. घरी फोन केला तर काय सांगावं ते सुचणार न्हाय. मग हंगाम सरत आला, बाकीच्या पोरी थकल्या की कवातरी तिला उठवतील. थोड्या वेळासाठी. एवढं मला दिसतंय. ती तिथं सुखात असंल का, आजारी पडंल का, हे मला दिसत न्हाय. ते कुणालाच दिसत न्हाय, नागोजी."

नागोजीनं घसा साफ केला. "म्हंजे पाठवू का नगं?"

"त्याचा अंदाज लागत न्हाय. ते ठरवाय लागतंय."

नागोजीनं टोपी डोक्यावर घातली, गर्दीतून वाट काढली आणि मोटरसायकल चालू करून निघून गेला. लोक पांगले. सौम्या तेवढी कोर्टावर राहिली. फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहून रिंगकडं चेंडू टाकत होती, आणून परत टाकत होती. सर तिच्याकडं गेले नाहीत. घराकडं वळले, आणि जाताना गेटच्या दोन खांबांमधून, जिथं वर काहीच नाही तिथं, मान वाकवून बाहेर पडले.

घरी उपासनानं त्यांना चांगलंच झाडलं. "एक बरा शब्द तोंडातनं गेला असता तर काय झडलं असतं तुमचं? आता ती पोरगी आयुष्यभर म्हशी धुईल." सर ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "खोटं सांगून पाठवली, आणि तिथं जाऊन बाकावर बसली, तर तिला वाटंल आपलंच काय तरी चुकलं." उपासनानं आमटीचं पातेलं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं.

पुढचे दिवस जड गेले. सौम्या रोज कोर्टावर यायची, कुणाशी बोलायची नाही. संघाच्या शिबिराची तारीख जवळ आली. मी एकदा विचारलं, "आप्पा काय म्हणतात गं?" तर म्हणाली, "काय न्हाय. जेवत्यात आणि बाहेर जाऊन बसत्यात." सरांनी त्या आठवड्यात कुठलाच सामना बघितला नाही. उपासनानं स्वतःहून मोबाइल समोर आणून ठेवला, तरी त्यांनी तो उलटा करून ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोरींचा सराव चालू होता. मी पायरीवर बसले होते. नागोजीची मोटरसायकल थेट कोर्टाच्या कडेपर्यंत आली. मागच्या सीटला एक गाठोडं बांधलेलं.

"सर, बेळगावातनं गाडी किती वाजता हाय हो? ह्या पोरीला इचारलं तर गाडीचं सांगायचं सोडून मलाच इचारती, आप्पा, खरंच जाऊ?"

सर शिट्टी तोंडात धरून तसेच राहिले. मग ती काढली. "पर मी तर त्या दिवशी..."

"तळाला जाणार म्हणालासा. ऐकलं की." नागोजी गाडीवरून उतरला. "सर, माझ्या हयातीत यात्रेत किती वेळा पाऊस कमी सांगितला. मी रान कवा पडीक ठेवलं न्हाय. कमी सांगितला की ऊस थोडा लावायचा, शाळू पेरायचा. ऐकायचं ते त्यासाठी. पेरू का नगं, हे कोण इचारतंय?"

"तूच इचारलंस की."

"भ्यालोतो." तो जमिनीकडं बघून म्हणाला. "भ्यालेला माणूस कायबी इचारतोय. आणि खरं सांगू? तुमी चांगलं सांगितला असतासा तर मी पाठवली नसती."

"का रं?"

"जयाच्या वेळेला समदी चांगलंच सांगत हुती."

मी पायरीवर मान खाली घालून बसले. तेवढ्यात एका पोरीच्या हातून चेंडू सुटला आणि टप्पे खात मैदानात गेला. आणायला कुणी गेलं नाही.

नागोजीनं गाठोडं सोडलं. वर कपडे, चटणीचा डबा, आणि तळाशी घडी घालून ठेवलेली छोटी काळी घोंगडी. मी ती ओळखली. एका कोपऱ्याला मेथीच्या जुडीची दोरी अजून गुंतलेली होती.

"बसून बसून अंग गार पडंल म्हणालासा न्हवं," तो सरांना म्हणाला. "म्हणून ही."

"आप्पा," सौम्या म्हणाली, "तिथं घोंगडी घेऊन बसले तर हसतील की."

"हसूदेत. तळालाच जाणार हायसा, त्यात हसण्याचं काय एवढं."

पोरी हसल्या, आणि सौम्या हसता हसता टॉवेलात तोंड घालून उभी राहिली.

हंगाम सुरू झाला. सौम्याचा संघ हरत गेला. कोर्टावरच्या पोरी कौतुकानं सांगायच्या, "सर, तुमी म्हणालासा तस्संच!" सर एकदा त्यांच्यावर ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हाच पाहिलं. इतकी वर्षं त्यांचं खरं ठरलं की ते मिशीत हसायचे; यंदा प्रत्येक खरं ठरलेलं त्यांना टोचत होतं. सामन्यात ते चेंडू बघायचेच नाहीत. बाकाच्या टोकाला एक उंच मुलगी गुडघ्यांवर काळी घोंगडी घेऊन बसलेली असायची, कॅमेरा फिरला की क्षणभर दिसायची, तेवढ्यासाठी बसायचे. काही दिवसांनी तिच्या शेजारची पोरगीही त्या घोंगडीचं एक टोक पायांवर ओढून बसलेली दिसली. तिथले हॉल फार गार असतात म्हणे.

माघात जयाबाईचं वर्षश्राद्ध आलं. सौम्याला येता आलं नाही, संध्याकाळी सामना होता. नागोजीनं एकट्यानंच सगळं केलं. भटजी गेले, पाहुणे गेले. तिन्हीसांजेला तो सरांच्या घरी आला, अंघोळीनं केस ओले, कपाळ कोरं. मीही तिथंच होते. उपासनानं त्याला न विचारता चहा दिला आणि त्यानं तो घेतला. सरांनी मोबाइल टी.व्ही.ला जोडला.

सामना कधीच हातातून गेला होता. समालोचन करणारा माणूसही कंटाळलेला. मग कोचनं बाकाकडं बघून बोट वर केलं आणि सौम्या उठली. घाईघाईनं घोंगडी खुर्चीवर टाकणार, एवढ्यात थांबली. दोन्ही टोकं धरून तिनं ती झटकली आणि घडी घालू लागली.

"नीट घाल गं," नागोजी टी.व्ही.ला म्हणाला. "कडा जुळव."

तिनं कडा जुळवल्या. घडी शेजारच्या पोरीच्या मांडीवर ठेवली आणि कोर्टावर आली. पाठीवर तिचं नाव इंग्रजीत होतं. ते वाचता येत नसूनही नागोजी त्याच्याकडं बघत होता.

"सर," त्यानं हळूच विचारलं, "आता काय हुईल?"

सरांनी खुर्ची टी.व्ही.च्या अगदी जवळ ओढली.

"मला ठाऊक न्हाय, नागोजी," ते म्हणाले. "गप बघ."